नर्सबाईंची फिरंगी बाग

रोझमेरी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं.

कॉलेजात नाव घातलं होतं आणि खोली शोधत मी उत्तर नागपुरातल्या त्या वस्तीत आलो होतो. जून लागला होता, पण ऊन अजून मे महिन्याचंच होतं. कोणीतरी सांगितलं की नर्सबाईंकडे समोरची खोली रिकामी आहे. दार उघडं होतं. आवाज दिला, उत्तर आलं नाही. घरातून आरपार मागचं अंगण दिसत होतं, म्हणून चपला काढून भीत भीत तिथवर गेलो. बांबूच्या तट्ट्यांच्या सावलीत एक ठेंगणी, रुंद बाई पाठमोरी उकिडवी बसली होती. तिच्यासमोर कुंडीत सुयांसारख्या पानांचं झुडूप होतं आणि वर काठीला काचेची सलाईनची बाटली उलटी टांगलेली होती. रबराच्या नळीतून थेंब थेंब पाणी मुळाशी पडत होतं. बाईंनी नळीवरची चिमटी जराशी सैल केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोलू नको. सिरियस आहे."

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली.

"कोन होय गा तू?"

मी सांगितलं. खापरखेड्याचा. वडील वीजकेंद्रात कोळशावर आहेत. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बी.एस्सी., विषय बॉटनी.

"बॉटनी म्हंजे झाडाइचंच नं? मंग हिचं नाव सांग."

मला आलं नाही.

"रोझमेरी. मी रोजमारी म्हंते. उन्हाळाभर ती रोज मरते अन् मी रोज जगवते. जा, सामान घेऊन ये."

अशी मला खोली मिळाली.

त्यांचं खरं नाव पार्वताबाई रामटेके. "नाव पार्वता, पण शंकराशी बोलणं बंद आहे," असं त्या नव्या माणसाला आपणहून सांगत. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी सासूचं तुळशीवृंदावन पहारीनं फोडलं होतं. सासू रडायला लागली. "म्या म्हटलं, रडू नका, विटा चांगल्या आहे, कामी येतीन." त्या विटा पुढे बागेतल्या मोठ्या वाफ्याच्या कडेला लागल्या. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. हे त्या कधी सांगत नसत, पण कोणी विचारलं तर लपवतही नसत.

मिशनच्या दवाखान्यात त्या आया म्हणून लागल्या आणि नर्स होऊन निवृत्त झाल्या. मधलं सगळं त्यांना इटलीहून आलेल्या एका सिस्टरनं शिकवलं. सिस्टरला मराठी येत नव्हतं, बाईंना इटालियन येत नव्हतं, म्हणून दोघी हिंदीत भांडत. सिस्टर समुद्राकाठच्या कुठल्याशा गावची. दवाखान्यामागे तिनं आपल्या गावासारखी बाग लावली होती. सकाळी ती झाडांपुढे उभी राहून प्रार्थना करायची आणि बाई मागून लेंडीखत घेऊन यायच्या. "मी तिले म्हणो, सिस्टर, तुमच्या येशूनं आज पाणी घातलं का? ती हसे. म्हणे, पार्वती, घातलं, तुझ्या हातानं घातलं. आता असं बोलल्यावर मानसानं भांडावं कसं?"

सिस्टर म्हातारी होऊन परत निघाली तेव्हा सगळ्या कुंड्या तिनं बाईंना दिल्या. हातगाडीवर कुंड्या आणि मागून पायी बाई. गेटाशी सिस्टरनं झाडांवर हातानं क्रॉसची खूण केली. बाई म्हणाल्या, "झालं तुमचं? आता गाडीले धक्का मारा."

ही बाग मी पाहिली तेव्हा वस्तीत तिला कोणी बाग म्हणत नव्हतं. 'नर्सबाईचा वॉर्ड' म्हणत. मागच्या पडक्या भिंतीला टेकून अंजीर. कोपऱ्यात लिंबू आणि डाळिंब. मधे एक ऑलिव्हचं झाड. त्याला कधी फळ धरलं नाही. "सरकारी नोकरीत आहे ते," बाई म्हणत, "उभं राह्यते, बस." वाफ्यांत थाईम, ओव्यासारख्या वासाचं ओरेगॅनो, पार्सली. सकाळचा चहा झाला की राउंड निघायचा. बाई पुढे, मी मागे.

"हिनं काल काही खाल्लं नाही वाटते."

"याले काही झालं नाही, हे नाटक करून राहिलं."

"हिच्या नातेवाईकाले बोलवा."

एकदा मी न राहवून विचारलं की देव मानत नाही तर एवढ्या उन्हात ही झाडं जगतात कोणाच्या भरवशावर. बाई म्हणाल्या, "देव अन् मोठा डॉक्टर, दोघं बी सारखे. राउंडले उशिरा येते, अन् पेशंट वाचला तं म्हंते, म्याच वाचवला."

नागपुरात थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये वसंताला टेकायलाही जागा नाही. थंडी जाते आणि दुसऱ्या दिवशी लोक कूलरमधला वाळा बदलायला काढतात. पण बाईंच्या अंगणात माघ संपता संपता तो चोरून येऊन जायचा. रोजमारीला बारीक निळी फुलं यायची. तुराट्यांच्या मांडवावर स्वीट पी चढायचे आणि पहाटे लिंबाच्या बहराचा वास थेट माझ्या खोलीपर्यंत यायचा. नॅस्टर्शियमची केशरी फुलं बाई खात. मलाही दिलं. "खाय. पाहू नको, खाय." फूल तिखट लागलं, मुळ्याच्या पाल्यासारखं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारी फुलं खाते, तिच्यापाशी पोरं पाठवू नका. पण जुलाब, ताप, खोकला काहीही झालं की पोरं तिथेच यायची.

सगळ्यांत देखणी लाल पॉपी. पौर्णिमेला त्या ओंजळभर पॉपी घेऊन विहारात निघायच्या. पाकळ्या इतक्या नाजूक की विहार येईपर्यंत निम्म्या रस्त्यात गळून जायच्या. बुद्धापुढे बाई उरलेले देठ ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भंतेजी जे तासभर सांगते, ते हे फूल चालता चालता सांगते." भंतेजी हसायचे. गजभिये मास्तर हसायचे नाहीत.

गजभिये मास्तर विहाराचे सचिव. प्राथमिक शाळेत शिक्षक, सडपातळ, कडक इस्त्रीचे, मनाने सरळ. एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. बाईंनी थाईमचा काढा दिला. आवाज सुटला आणि त्या रविवारी मास्तर विहारात इतका वेळ बोलले की चटईवरची माणसं आडवी झाली. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "माही चूक झाली. डोस जास्त झाला."

पण मास्तर बाईंना मान द्यायचे. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघे तेव्हा बायकांच्या पुढे पंचशील झेंडा घेऊन पार्वताबाई चालत. मिरवणूक सुरू झाली तेव्हापासून तो झेंडा दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नव्हता. बागेची, दवाखान्याची, देवाची थट्टा करणाऱ्या बाई या एका गोष्टीची थट्टा करत नसत. आदल्या दिवशी पांढरं पातळ धुऊन, नीळ देऊन, दोरीवर ताणून वाळत घालत आणि त्याच्या आसपास कोणाला फिरकू देत नसत.

आता त्या झाडाबद्दल सांगतो.

वृंदावनाच्या विटांचा जो मोठा वाफा होता, त्यात सिस्टरचं सगळ्यांत लाडकं झाड होतं. सिस्टर त्याला बाझिलिको म्हणायची. बाईंनी त्याचं बाजिल केलं. आपल्या सब्ज्याच्याच घराण्यातलं. पण पान मोठं, गुळगुळीत, आणि वर मंजिऱ्यांसारखे पांढरे तुरे. लांबून पाहिलं तर कोणीही तुळसच म्हणेल. बाई ती पानं लसूण, मिरची आणि सुकटीबरोबर पाट्यावर वाटायच्या. भिंतीपलीकडच्या गल्लीतल्या लोकांना वाटायचं की ही बाई तुळशीत सुकट घालते. आमच्या वस्तीतल्यांना वाटायचं की हिनं तुळस परत आणली. बाई दोन्हीकडे म्हणायच्या, "फिरंगी भाजी आहे. खाऊन पाहा." दोन्हीकडचे खात नसत.

भिंतीपलीकडे एका दुमजली घरात सुमन सून म्हणून आली होती. मौद्याकडची, शेतकऱ्याची लेक. त्या घरची माणसं वस्तीत कोणाच्या हातचं पाणी घेत नसत. घराला अंगण नव्हतं. डब्यात एक तुळस होती, पण तिला सासूशिवाय कोणी हात लावायचा नाही असा नियम. सुमनला दिवस गेले होते. सासू दुपारी झोपली की ती भिंत जिथे पडली होती तिथून अंजिरासाठी येऊ लागली. एके दिवशी ती वाफ्यापुढे थांबली आणि पदर डोक्यावर घेतला.

मी तेव्हा अंगणातच वाचत बसलो होतो. बाई ओरडल्या, "ए, थांब वं. तुळस नाही ते. भाजी आहे."

"माहीत आहे, माय," सुमन म्हणाली. "पण मले तशीच दिसते."

"मंग?"

"माह्या बापाच्या आंगनात मी रोज दिवा लावो. इथं मले लावू देत नाही."

बाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्या घरचं तेल नाही भेटन. आपलं आणजो."

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला, सासू देवळात गेली की सुमन यायची, दिवा लावायची, दोन अंजिरं खायची आणि जायची. बाई तिकडे पाठ करून बसायच्या. मला एकदाच म्हणाल्या, "कोणाजवळ बोलजो नको. हे तिच्या सासूले समजलं तं पोरीचं बाहेर निघनं बंद होईन. पयलेच कोंडून ठेवली आहे."

शिमगा जवळ आला आणि सुमन बाळंतपणासाठी माहेरी निघाली. निघायच्या आदल्या दिवशी आली तेव्हा हातात तेलाची बाटली होती.

"माय, मी येतपर्यंत तेवढा दिवा…"

"कोन? मी?" बाई खुरपं टाकून उभ्या राहिल्या. "वृंदावन फोडलेली बाई आहे मी. या हातानं फोडलं. अन् मी तुळशीपुढं दिवा लावू?"

"पण तुळस कुठं आहे ते," सुमन शांतपणे म्हणाली. "तुमीच तं म्हणता, भाजी आहे. भाजीजवळ दिवा लावाले काय होते?"

पार्वताबाईंनी पदराला हात पुसले. त्यांनी बाटली घेतली. "शिकलेली असती तं वकील झाली असती," एवढंच पुटपुटल्या.

आणि त्या रोज दिवा लावू लागल्या. हात जोडत नसत, वाकत नसत. इंजेक्शन द्यावं तसा चटकन लावायच्या आणि "लावला वं, लावला," असं मौद्याच्या दिशेनं म्हणायच्या. मला हसू यायचं, पण मी हसलो नाही.

जयंतीच्या थोडे दिवस आधी, असाच दिवा लावून त्या काडी विझवत होत्या आणि गजभिये मास्तर मिरवणुकीच्या रस्त्याचं विचारायला आत आले. त्यांनी वाफा पाहिला, तुरे पाहिले, दिवा पाहिला, बाईंच्या हातातली काडी पाहिली. रस्त्याचं न विचारताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांसकट विहाराच्या समितीची चार माणसं अंजिराखाली सतरंजीवर येऊन बसली. मास्तरांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. वस्तीत काही घरांत लग्नाच्या वेळी कुलदैवत मागच्या दारानं परत येत होतं. जे इतक्या कष्टानं सोडलं ते हळूच आत शिरतंय, ही त्यांची भीती खरी होती.

"नर्सबाई, झेंड्याचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. "पुढं चालणारीच्या आंगनात तुळस, अन् तुळशीपुढं दिवा. लोक काय म्हनतीन?"

"तुळस नाही ते."

मास्तर माझ्याकडे वळले. "तू बॉटनी शिकून राहिला नं? तू सांग."

मी उभा राहिलो. खोटं किंवा अर्धवट सांगायचं नाही असं मनाशी ठरवलं आणि जसं पुस्तकात होतं तसं सांगितलं. "तुळस नाही सर. म्हणजे, कुळ एकच आहे. पण जात वेगळी आहे."

सतरंजीवरच्या माना वर झाल्या. मग बाई म्हणाल्या, "घ्या. झाडाची बी जात निघाली. बस गा तू."

"पण कुळ एकच आहे नं?" मास्तर म्हणाले.

बाई उठल्या. वाफ्यातल्या फांद्या ओरबाडल्या, पाट्यावर लसूण, मिरची, सुकटीबरोबर वाटल्या आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर चौघांपुढे ठेवल्या. "ज्याची पूजा करते त्याले कोणी सुकटीत वाटते काय? खा." पहिला घास मास्तरांनी घेतला. मग बाकीच्यांनी. थोड्या वेळानं एकानं अजून अर्धी भाकर मागितली. मला वाटलं, सुटलं.

मास्तरांनी हात धुतले. "चटणी चांगली आहे. भाजी आहे, मान्य. मंग दिवा कोनं लावला?"

"म्या."

"कायले?"

बाई पाटा धुवायला लागल्या. मास्तरांचा आवाज नरम झाला. त्यांनाही हे मिटवायचं होतं. "एवढंच म्हना, का अंधार पडला म्हणून लावला. आमी उठतो. गोष्ट संपली."

वाक्य तयार होतं, फक्त म्हणायचं होतं. मी बाईंकडे पाहत होतो. त्यांनी पदरानं पाट्यावरचं पाणी पुसलं.

"अंधारासाठी नाही लावला," त्या म्हणाल्या. "पंचशील घेतलं आहे मास्तर. खोटं कायले बोलू?"

"मंग कोनासाठी लावला?"

"ते नाही सांगत."

"मंग झेंड्याचं कठीण आहे, बाई."

"आहे," बाई म्हणाल्या. "भाकर अजून आहे. घेता का कोनी?"

समिती गेल्यावर मी म्हणालो, मी सांगतो मास्तरांना, फक्त मास्तरांना, ते कोणाला सांगणार नाहीत. बाई म्हणाल्या, "मास्तर मास्तरणीले सांगन, मास्तरीण नळावर सांगन, अन् नळाचं पाणी भिंतीपल्याड बी जाते. तू अभ्यास कर. कुळ अन् जात पाठ कर."

त्या वर्षी झेंडा मास्तरांच्या बायकोनं धरला. पार्वताबाईंनी पांढरं पातळ नेहमीसारखं नीळ देऊन वाळवलं, नेसलं, आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. घोषणा मात्र पहिल्यासारख्याच दिल्या. मागून त्यांचा आवाज आला की पुढच्या बायका दचकून वळून पाहत. "पुढं पाहा वं," त्या म्हणायच्या, "मी काही मेली नाही."

सुमन परत आली तेव्हा मे महिना अर्धा उलटला होता. कुशीत मुलगी होती. बाजिल उन्हानं करपत आलं होतं आणि बाईंनी त्यालाही सलाईन लावलं होतं. सुमननं वाफा पाहिला, पणती पाहिली. काजळी धरलेली वात अजून ओली होती. "रोज लावला?" तिनं विचारलं.

"तं काय? घे आता, तुही ड्युटी. माही सुटली."

सुमन हसली आणि मुलीला बाईंच्या मांडीवर दिलं. मी दारात उभा होतो. मला सगळं सांगावंसं वाटत होतं. बाईंनी नुसते डोळे वर केले आणि मी आत जाऊन पुस्तक उघडलं.

पुढच्या वर्षी माझी शेवटची परीक्षा होती. हिंगण्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळायची आशा होती आणि खोली सोडायची ठरली होती. जयंतीच्या सकाळी मी मिरवणूक पाहायला भिंतीपलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. ऊन चढलं होतं. पुढे यंदाही मास्तरांची बायकोच झेंडा घेऊन चालली होती. बायकांच्या रांगा संपत आल्या आणि सगळ्यांत शेवटी नर्सबाई दिसल्या, घामानं निथळलेल्या, डोक्यावर पदर, हातात काहीच नाही.

दुमजली घराच्या गच्चीवर सुमन मुलीला घेऊन उभी होती. शेजारी सासू होती. आदल्या वर्षीची मिरवणूक सुमननं पाहिलीच नव्हती, ती माहेरी होती. त्याआधीच्या वर्षी तिनं बाईंना सगळ्यांच्या पुढे झेंड्यासकट पाहिलं होतं. ती आधी पुढच्या रांगांत शोधत राहिली, मग मागे पाहू लागली. बाई दिसल्या तशी ती कठड्यावरून वाकली आणि सासू शेजारी आहे हे विसरून हाक मारली.

"नर्सबाई, यंदा मांगं काहून?"

सासूनं आधी सुनेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. रांगेतल्या दोन बायकाही थबकल्या. बाईंनी मान वर केली, हातानं डोळ्यांवर सावली केली आणि पाय न थांबवता सांगितलं,

"पुढं लय ऊन लागते वं."